तेलाची वाळू आणि गवताची मखमल

गांधीबागेत निनाव्यांचं कापडाचं दुकान कुठे असं विचारलं, तर पानठेल्यावरचा माणूससुद्धा हात करून दाखवतो. खाली दुकान, वर घर. त्या वरच्या घरातल्या सुभद्राबाई गोल्फ खेळतात, हे मात्र गल्लीतल्या निम्म्या लोकांना अजून खरं वाटत नाही. खेळतात म्हणजे नुसत्या फिरायला जातात, असंच त्यांना वाटतं. सुभद्राबाईही कोणाचा गैरसमज दूर करायला जात नाहीत. देवपूजा आटोपायची, बाळकृष्णाला दूध-साखरेचा नैवेद्य दाखवायचा, पायात कापडी बूट चढवायचे आणि जिना उतरायचा, एवढंच त्यांना ठाऊक.

माहेर त्यांचं पवनीचं, कोष्ट्याचं. वडील हातमागावर बसायचे. लहानपणी सुभद्रेला लुगड्यावर तळवा फिरवायला लावून ते विचारायचे, "सांग, कुठं सूत सैल पडलं?" तिचा तळवा थांबेल तिथे हमखास गोम सापडायची. लग्न होऊन गांधीबागेत आल्यावर मात्र हाताला दुसरं काम लागलं. सासू-सासरे, दिराचं लग्न, लेक भूमिकेचं शिक्षण, सणवार. दुकानातल्या थानांवर हात फिरवायचं काम नवऱ्याचं, ताराचंदजींचं. बाईंच्या वाट्याला कापड म्हणून उरलं ते देवघरातलं, बाळकृष्णाचं लाल मखमलीचं आसन. रोज स्नान घालून देव पुसायचे, आसन झटकायचं आणि त्यावरून एकाच दिशेने हात फिरवायचा, की मखमल उजळ दिसते. उलटा फिरला तर तीच मखमल काळवंडते. भूमिका लहान असताना मुद्दाम बोटाने त्यावर काळ्या रेघा ओढून ठेवायची आणि आईचा ओरडा खायची.

आता गोल्फ कुठून आलं, ते सांगायला हवं. शहराबाहेरच्या जुन्या क्लबाच्या मैदानावर जे छोटे झेंडे लावतात, ते निनाव्यांच्या दुकानातून जायचे. सासऱ्यांच्या वेळी क्लबाला सभासद मिळत नव्हते, म्हणून झेंडेवाल्यालाही सभासद करून घेतलं. सासऱ्यांनी त्या मैदानावर कधी पाय ठेवला नाही. भूमिका लग्न होऊन पुण्याला गेली, घर ओस पडलं आणि डॉक्टरांनी बाईंना चालायला सांगितलं, तेव्हा ताराचंदजी म्हणाले, "अवं, मी झेंडे द्यायले जाऊन राहिलो. चाल तूही, मोकळी हवा खाशील."

तिथे कवडू भेटला. कवडू म्हणजे त्या मैदानावरचा सर्वांत जुना कॅडी, लोकांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा. ताराचंदजी कचेरीत हिशेब करत बसले, तोवर कवडूने गंमत म्हणून बाईंच्या हातात एक काठी दिली. बाईंनी पदर खोचला आणि मनात देवाचं नाव घेऊन चेंडूला टोला दिला. चेंडू नाल्यापलीकडे जाऊन पडला. कवडू चेंडूकडे बघत राहिला आणि मग बाईंकडे.

"वयनी, हे तुमच्या हातानं झालं का बाळकृष्णाच्या?"

"दोघांच्या मिळून," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मंगळवार आणि गुरुवारची सकाळ त्यांची झाली. क्लबात त्या दोन सकाळी बायकांसाठी राखीव होत्या. येणाऱ्या मोजून चार जणी, पण बाईंना तेवढ्याने काही अडलं नाही. पन्नाशी ओलांडल्यावर एखाद्या ठिकाणी आपल्याला कोणाची आई, कोणाची बायको म्हणून नव्हे, तर आपल्या टोल्यावरून ओळखतात, ही गोष्ट त्यांनी कोणाला बोलून दाखवली नाही. देवापुढे मात्र हात जोडताना रोज म्हणायच्या, एवढं राहू दे.

ते जुनं मैदान काही देखणं नव्हे. मुरमाड बरडावरची नऊ होल, तीच दोनदा चालायची. होलभोवती हिरवळ नाहीच, कारण पाणी नाही. त्याऐवजी जळक्या तेलात कालवलेल्या वाळूचा खोलीएवढा गोल, त्याला म्हणतात ब्राउन. लांब दांड्याला बांधलेलं गोणपाट ओढून चेंडूपासून होलपर्यंतची वाळू सपाट करून घ्यायची आणि मग चेंडू ढकलायचा, ही तिथली रीत. चौथ्याला नाला आडवा येतो. सहाव्याला तर वाटेच्या बरोबर मधोमध पळसाचं झाड. डावीकडून जावं तर खडक, उजवीकडून जावं तर काटेरी बाभळी, वरून मारावा तर पुढचा ब्राउन इतका टणक, की चेंडू टप्पा घेऊन पार मागच्या नाल्यात. तिथे टोला मारायच्या आधीच पुढचे दोन टोले मनात खेळून घ्यावे लागतात. नवी माणसं वैतागतात. बाईंना तो पळस पहिल्यापासून आवडला. अडवतो, पण आपण कुठे चुकलो तेही सांगतो, असं त्या म्हणायच्या.

मग वर्धा रोडच्या पुढे नवं मैदान झालं. अठरा होल, माती भरून केलेले चढउतार, तीन तळी, कारंजं आणि होलभोवती अंगणाएवढ्या हिरव्यागार गवताची ग्रीन. शहरातल्या बायकांचा चषक दरवर्षी दोन्ही क्लबांत आळीपाळीने होत असे. यंदा नव्या क्लबाचा सचिव ऋषिकेश बुटी जुन्या क्लबाच्या व्हरांड्यात चहा घेता घेता म्हणाला, "दोन ठिकाणी तयारी करणं परवडत नाही. आता कायमची एकच जागा ठरवू. आणि राग मानू नका, पण हे मैदान कोणी विचार करून आखलेलं नाही. बरडावर नऊ भोकं पाडली, झालं. इथे शिकलेला माणूस खऱ्या ग्रीनवर उभा राहू शकणार नाही."

जुन्या क्लबाचे अध्यक्ष चाचरत म्हणाले, "आमच्याकडे बायकाच चार. चषक गेला तर मंगळवार-गुरुवार तरी कशाला ठेवायचे? एक कंपनी त्या सकाळी मागतेच आहे."

सुभद्राबाई चहाची बशी हातात धरून हे ऐकत होत्या. नवा क्लब घरापासून लांब आणि त्याची फी ऐकूनच ताराचंदजींनी कानावर हात ठेवले असते. चषक गेला म्हणजे सकाळ गेली, सकाळ गेली म्हणजे सगळंच गेलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"मैदान कसं आखलंय ते बोलून कसं ठरेल?" त्या म्हणाल्या. "एक दिवस इथे खेळू, एक दिवस तिथे. दोन्ही दिवसांचे टोले मिळवा. जिचे टोले कमी ती जिंकली, आणि चषक कायमचा तिच्या क्लबावर."

ऋषिकेशला हसू आलं, पण त्याने लगेच हात पुढे केला. कारण त्याच्या क्लबात डॉक्टर मुग्धा होती. दातांची डॉक्टर, चाळिशीची, टोला असा की चेंडू दिसेनासा व्हावा.

घरी ताराचंदजींनी डोकं धरलं. "काय बोलून आली वं तू? ते पोरगी दात उपटते. तिच्या मनगटात किती जोर असंल."

"दात उपटायले जोर लागते, तुमाले कोनं सांगतलं?" बाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "त्याले नेम लागते. म्हणूनच तर मले भेव वाटते."

फेब्रुवारीतल्या शनिवारी जुन्या मैदानावर पहिला दिवस झाला. पळसाला काळ्या कळ्या धरल्या होत्या. मुग्धा पाच होल सरळ, लांब, सुंदर खेळली आणि सहाव्याला आली. झाडाकडे बघून म्हणाली, "हे इथे कोणी लावलं?"

"ते आधीचं होय, मॅडम," कवडू म्हणाला. "आपुन मंग आलो."

मुग्धाने वरून मारला. चेंडू ब्राउनवर टप्पा घेऊन नाल्यात गेला. दुसऱ्या फेरीत तिने बगल द्यायला पाहिलं, तर चेंडू बाभळीत अडकला आणि काटे काढता काढता तिला स्वतःचंच हसू आलं. बाईंनी दोन्ही वेळा चेंडू पळसाच्या अलीकडे थोडा डावीकडे आणून ठेवला आणि तिथून जमिनीलगत सरपटत ब्राउनवर नेला. गोणपाट ओढलं, चेंडू ढकलला, होलात पडला. संध्याकाळी बाई पाच टोल्यांनी पुढे होत्या. ताराचंदजींनी दुकानातल्या पोऱ्यापासून समोरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले.

"उद्या हरली तर?" बाईंनी विचारलं.

"पेढे का उद्याचे होत?" ताराचंदजी म्हणाले. "हे आजचे होत."

रविवारी एकादशी होती. बाईंनी साबुदाण्याची उसळ डब्यात घेतली, बाळकृष्णाच्या आसनावरून हात फिरवला आणि निघाल्या. नव्या मैदानावर पाय ठेवताच कवडूने चारी बाजूला नजर फिरवली. "वयनी, हे मैदान नाही होय. हे लग्नाचं लॉन होय. नवरदेवाची घोडी तेवढी दिसून नाही राहिली."

पहिल्याच ग्रीनवर घात झाला. गवतावर दव होतं. बाई चेंडूमागे उभ्या राहिल्या आणि सवयीने म्हणाल्या, "कवडूभाऊ, वाट करा." कवडूने सवयीनेच इकडेतिकडे गोणपाट शोधलं, ते नव्हतं, म्हणून खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि चेंडूपासून होलपर्यंतचं दव झटकून स्वच्छ पट्टा काढला. ऋषिकेश पंचासोबत उभा होता. पंच जवळ आले.

"ताई, गवतावरचं दव असं पुसता येत नाही. तुमच्या कॅडीने केलं म्हणजे तुम्हीच केलं. दोन टोले दंड."

कवडूच्या हातातला दुपट्टा तसाच राहिला. उभ्या जन्मात त्याने ज्या कामासाठी शाबासकी घेतली होती, त्याच कामाचा हा दंड. "वयनी, मले माफ करा," तो हळूच म्हणाला.

"सांगतलं कोनं? म्याच ना?" बाई म्हणाल्या. "दोन गेले, तीन उरले. दुपट्टा खांद्यावर टाका आन् चाला."

पण तीनही टिकेनात. वाट रुंद, अडवायला काही नाही, मुग्धाचे टोले लांबच लांब जात होते. बाईंचा चेंडू ग्रीनपर्यंत नीट यायचा आणि मग अंगात वारं भरल्यासारखं करायचा. एकीकडे हलका ढकलला तर होल ओलांडून घरंगळत जायचा, दुसरीकडे जोर लावला तर वाटेतच रुसून बसायचा. कवडूने उतार बघून वाट सांगावी आणि चेंडूने भलतीकडेच जावं. अर्ध्या फेरीपर्यंत बरोबरी झाली आणि पुढच्याच होलला मुग्धा एका टोल्याने पुढे गेली.

चहाच्या टपरीशी सगळे थोडं थांबले. मुग्धाने बिस्किटाचा पुडा पुढे केला, बाईंनी एकादशी म्हणून मान हलवली आणि उलट आपलाच डबा उघडून तिला उसळ दिली.

"ताई, तुम्ही उतार बरोबर बघताय," मुग्धा उसळ खाताना म्हणाली. "पण कुठेतरी घोळ होतोय."

पुढच्या ग्रीनवर बाई चेंडूमागे उकिडव्या बसल्या. ऊन आता तिरपं, लख्ख पडलं होतं. चेंडूपासून होलपर्यंतचं गवत गडद, काळपट दिसत होतं. झेंड्याजवळ उभ्या असलेल्या कवडूला त्यांनी हाक मारली, पण हाकेचं उत्तर यायच्या आत त्या स्वतःच उठून होलच्या पलीकडे गेल्या आणि तिथून वळून पाहिलं. तेच गवत, तोच तुकडा, आता उजळ, चकचकीत. बाईंचा हात आपोआप खाली गेला. तळवा गवताला टेकणार, तेवढ्यात मुग्धा पटकन म्हणाली, "ताई, हात नका लावू. चोळून बघितलं तर पुन्हा दंड बसेल."

बाईंनी हात मागे घेतला. मुग्धाकडे बघून नुसती मान झुकवली. हाताची गरज उरलीच नव्हती. सकाळीच तर तोच तळवा लाल आसनावरून फिरवला होता. गवताची पातीही मखमलीसारखी एका अंगाला झोपलेली होती. उजळ दिसेल तिकडे चेंडू पळणार, काळपट दिसेल तिकडे अडणार आणि आडवा गेला तर पाती जिकडे झोपलीत तिकडे ओढला जाणार. भूमिकेच्या बोटाच्या काळ्या रेघा त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या.

"कवडूभाऊ, उतार सोडा. मले फक्त हे सांगा, तुमच्या बाजूनं उजळ दिसते का काळं?"

"हं? ... उजळ, वयनी."

"मंग इकडून जोरानं मारा लागंल."

चेंडू काळपट गवतातून जड पावलांनी चालल्यासारखा गेला आणि होलात पडला. कवडूने झेंडा हातातून सोडता सोडता वाचवला.

त्यानंतर बाईंनी एक गोष्ट आणखी केली, आणि खरी कमाई तीच. पुढच्या होलला त्या टोला मारण्याआधी थांबल्या आणि दुरून ग्रीनकडे बघितलं. झेंडा अशा जागी लावला होता, की उजवीकडून आलं तर शेवटचा चेंडू उजळ बाजूने निसरडा जाणार, डावीकडून आलं तर काळपट बाजूने आवाक्यात राहणार. मग ही एवढी रुंद वाट नुसती मोकळी नव्हती. ज्याने आखली त्याने इथूनच कोडं घातलं होतं.

"कवडूभाऊ," त्या म्हणाल्या, "इथंही पळस आहे गा. उभा नाही, आडवा निजवला आहे."

कवडूला ते कळलं नाही, पण बाईंच्या चेहऱ्यावर मंगळवारची सकाळ दिसली, तेवढं त्याला पुरलं. बाई मग जुन्या मैदानावर खेळायच्या तशाच खेळू लागल्या. शेवटचा टोला आधी ठरवायचा, मग मागे मागे येत पहिला. मुग्धाचा जोर तोच होता, नेमही तोच. पण एक होल बाईंनी कमी टोल्यांत काढला, बाकीचे सारखे गेले आणि शेवटच्या होलला दोघी बरोबरीत आल्या.

तोवर बातमी पसरली होती. दुकान रविवारचं बंद, म्हणून ताराचंदजी दोन शेजाऱ्यांना घेऊन आले होते आणि कारंज्याच्या काठावर उभे होते. मुग्धाचा चेंडू आधी ग्रीनवर आला, पण उजळ बाजूला. तिने अलगद ढकलला, तरी तो होलच्या कडेला चाटून पुढे घरंगळला. परत ढकलून तिने तो होलात घातला. आता बाईंचा चेंडू ढकलायचा उरला होता. लांबचा. होलात पडला तर जिंकल्या, नाही तर बरोबरी आणि परत खेळणं.

"वयनी, उतार डावीकडे आहे," कवडू कुजबुजला.

बाई एकदा इकडून, एकदा तिकडून बघून आल्या. उतार डावीकडे होता, पण पाती उजवीकडे झोपली होती. एक ओढणार तिकडे, दुसरी इकडे. म्हणजे सरळ. त्यांनी डोळे मिटले, आसन झटकल्यासारखा श्वास सोडला आणि चेंडू सरळ ढकलला. चेंडू जरा डावीकडे जातोसा वाटला, मग गवताने त्याला परत आणला, आणि तो मधोमध होलात पडला.

पहिला आवाज ताराचंदजींचा निघाला. "माही बायको होय ते!" ते ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगत सुटले. कवडूने दुपट्टा डोळ्यांना लावला. मुग्धा धावत आली आणि तिने बाईंना मिठीच मारली. "ताई, माझ्याच घरी येऊन माझंच गवत मला शिकवलंत."

"तू हात अडवला नसता तर दंडातच गेली असती मी," बाई म्हणाल्या.

चषक देताना ऋषिकेशने माईक त्यांच्यापुढे धरला. मोकळ्या मनाने म्हणाला, "जुन्या मैदानाबद्दल मी बोललो ते परत घेतो. पण ताई, आता तुम्हीच सांगा, कोणतं मैदान चांगलं आखलंय?"

सुभद्राबाईंनी कापडवाल्याच्या घराला शोभेल असं उत्तर दिलं. "जुनं मैदान हातमागाचं लुगडं आहे. अंगाला टोचतं, पण प्रत्येक धागा कोणीतरी मोजून घातलेला. दुरूनच विचारतं, कुठून येणार म्हणून. तुमचं नवं मैदान मखमल आहे. सगळा विचार शेवटच्या हातभर जागेत दडवलेला, आणि तो फार सुंदर दडवला आहे. ज्याने या ग्रीन केल्या, त्याला माझा नमस्कार सांगा." मग थोडं थांबून म्हणाल्या, "फक्त ते शेवटचं तळं. जिथे कोणाचा चेंडू जातच नाही, तिथे एवढं मोठं तळं. म्हणजे लुगड्याचा सगळा जरीकाठ खोचायच्या टोकाला लावल्यासारखं झालं."

सगळे हसले. ऋषिकेश सर्वांत मोठ्याने. "ते तळं फोटोसाठी आहे, ताई."

"मग फोटो छान येत असतील," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर ताराचंदजींनी चषक सरळ देवघरात नेला आणि बाळकृष्णाच्या शेजारी आसनावर ठेवला. बाईंनी तो उचलून खाली पाटावर ठेवला.

"काहून वं? त्याच्याच कृपेनं भेटला ना?"

"म्हणून का त्याच्या अंथरुणात झोपवायचा?" बाई म्हणाल्या आणि चषकाच्या बुडाने मखमलीवर उमटलेला काळा गोल त्यांनी एका हाताने पुसून उजळ केला.

मंगळवारी त्या नेहमीसारख्या जुन्या मैदानावर गेल्या, तर फाटकाशी गाड्या लागलेल्या. मुग्धा आणि नव्या क्लबातल्या सहा जणी आल्या होत्या. पुढच्या वर्षीचा चषक इथेच, मग सराव नको का? अध्यक्ष व्हरांड्यात उभे राहून कंपनीच्या माणसाला फोनवर सांगत होते, की मंगळवार-गुरुवार काही जमणार नाही, त्या सकाळी बायकांच्या आहेत. कवडू दांड्याचं गोणपाट खांद्यावर टाकून ऐटीत चालला होता. मुग्धा सहाव्या होलला पळसासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"ताई, इथून कसं जायचं, सांगा ना."

सुभद्राबाईंनी झाडाकडे पाहिलं. कळ्यांमधून पहिली केशरी पाकळी बाहेर डोकावत होती.

"मले काहून विचारते वं?" त्या म्हणाल्या. "त्याले विचार. तो रोज इथंच असते. आन् मीही."